उतारवयाचा विमा

मुंबईला विम्याचा धंदा नवा नाहीं. बंदरांतून जहाज सुटण्यापूर्वीं त्यांतील मालाचा विमा उतरविण्याची चाल येथील पेढ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती; आगीचा विमा गिरण्या-गोदामांबरोबर रुळला; आणि १८७० सालीं बॉम्बे म्युच्युअल व १८७४ सालीं ओरिएंटल या आयुर्विम्याच्या कंपन्या याच शहरांत निघाल्या. माल बुडाला, गोदाम जळालें किंवा घरांतील कर्ता पुरुष निवर्तला, तर भरपाई कशी मिळवावी हें मुंबईनें दीडशें वर्षांपूर्वींच ठरवून ठेवलें होतें. माणूस मेला नाहीं, नुसता आजारी पडला, आणि तोही म्हातारपणीं आजारी पडला, तर काय करावें हा प्रश्न मात्र फार उशिरां विचारला गेला, आणि त्याचें उत्तर अद्यापि तुकड्यातुकड्यांनींच मिळत आहे. त्या तुकड्यांचा इतिहास आज सांगण्याचा माझा विचार आहे. आपल्या कपाटांत जें कार्ड, जी पॉलिसी अगर पेन्शनचे जे कागद असतील, ते या इतिहासाच्या कोणत्या तुकड्यांतले आहेत हें एकदां कळलें, म्हणजे त्यांचा उपयोग कोठें होतो आणि कोठें होत नाहीं हें समजण्यास वेळ लागत नाहीं.

आयुर्विम्याचें गणित त्या मानानें सोपें आहे. मनुष्य एकदांच मरतो, आणि तो मेला कीं नाहीं याविषयीं सहसा वाद होत नाहीं. दुखण्याचें तसें नाहीं. तें वर्षांतून तीनदां येऊं शकतें; त्याचा खर्च जितका रोगावर तितकाच डॉक्टरवर आणि इस्पितळावर अवलंबून असतो; आणि आपण लवकरच अंथरूण धरणार ही शंका कंपनीच्या आधीं विमेदाराला येते. ज्याला दुखण्याची धास्ती तोच विमा घ्यावयास धांवतो, धडधाकट तरुण दूर राहतो. मग हप्ता वाढतो; हप्ता वाढला म्हणजे उरलेसुरले धडधाकटही निघून जातात, आणि शेवटीं मागें राहतात ते आजारीच. ही अडचण टाळावयाची तर एक तर विमा सर्वांना सक्तीचा करून तरुणांचे पैसे वृद्धांच्या कामीं लावावयाचे, नाहीं तर वृद्धांना दारांतच अडवावयाचें. पहिली रीत सरकारांची, दुसरी कंपन्यांची.

सक्तीची रीत प्रथम जर्मनींत बिस्मार्कनें १८८३ सालीं घातली आणि इंग्लंडनें १९११ सालीं ती उचलली. १९२७ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें आजारपणाच्या विम्याविषयीं करार संमत केले, आणि तेव्हांपासून हिंदुस्थान सरकारपुढें हा विषय येऊन पडला. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशननें १९३१ च्या अहवालांत त्याचा विचार केला. मुंबई प्रांताच्या कापड-कामगार चौकशी समितीनें १९४० सालीं त्याची शिफारस केली. पण शिफारशींनीं कोणाला औषध मिळत नाहीं. अखेर महायुद्ध ऐन भरांत असतां, १९४३ च्या मार्चांत, प्रा. बी. पी. आदरकर यांजकडे योजना आंखण्याचें काम सोंपविण्यांत आलें, आणि १९४४ च्या ऑगस्टांत त्यांनीं आपला अहवाल सादर केला. मालक व कामगार या दोघांनीं वर्गणी भरावी, आणि आजारी पडलेल्या कामगाराला औषधपाणी व बुडालेल्या मजुरीचा कांहीं भाग मिळावा, असा त्या पद्धतीचा गाभा होता. त्यांतूनच १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजना सुरू झाली, आणि १९५४ सालीं ती मुंबईंत आली.

या योजनेचें मुंबईच्या उपनगरांवर फार मोठें ऋण आहे, आणि तें पुरेसें मानलें गेलें नाहीं असें मला वाटतें. १९५० सालीं अंधेरी-घाटकोपरकडचा व १९५७ सालीं बोरिवली-मुलुंडकडचा मुलूख बृहन्मुंबईंत सामील झाला. त्याच सुमारास घाटकोपरापासून मुलुंडापर्यंत जुन्या आग्रा रोडच्या कडेनें कारखान्यांची रांग उभी राहत होती, आणि पुढें अंधेरीस मरोळकडेही तसेंच झालें. त्या कारखान्यांतील कामगारांसाठीं मुलुंड, कांदिवली व अंधेरी येथें विमा योजनेचीं रुग्णालयें झालीं. खेड्यांतून आलेल्या आणि चाळींतील एका खोलींत राहणाऱ्या माणसाला बायकामुलांसह इस्पितळांत हक्कानें जातां येऊं लागलें. उपकार म्हणून नव्हे. पगारांतून पैसे कापले गेले होते म्हणून. पुढें त्या इमारतींची दुर्दशा झाली, अंधेरीच्या रुग्णालयास १७ डिसेंबर २०१८ रोजीं आग लागून माणसें दगावलीं, हेंही इतिहासांत नमूद केलेंच पाहिजे.

परंतु योजनेंत एक मोठी फट होती. विमा नोकरीशीं बांधलेला होता. अठ्ठावन्न-साठ वर्षांचा होऊन कामगार घरीं बसला, कीं वर्गणी थांबे आणि कार्डही निकामी होई; आणि गुडघे, डोळे, छाती हीं दुखणीं तर नेमकीं तेव्हांपासून सुरू होतात. ही फट पुढें कायद्यांत दुरुस्ती करून अंशतः बुजविण्यांत आली. निदान पांच वर्षें विम्याखालीं नोकरी करून जो वयोमानानें निवृत्त झाला, त्याला व त्याच्या पत्नीला दरमहा १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० रुपये, एकदम भरून औषधोपचार चालू ठेवतां येतील असा नियम झाला. एवढ्या अल्प रकमेची ही सोय माहीत नसलेले निवृत्त कामगार मला घाटकोपरांत आणि भांडुपांत भेटले आहेत. कारखाना बंद पडला, जागेवर मनोरे उठले, आणि जुनें विमा कार्ड ट्रंकेच्या तळाशीं जाऊन बसलें. असें कार्ड ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं तें बाहेर काढून विमा महामंडळाच्या जवळच्या शाखेंत जाऊन चौकशी करावी.

सरकारी नोकरांची व्यवस्था यापेक्षां पुष्कळ बरी होती. केंद्र सरकारची आरोग्य योजना दिल्लींत १९५४ सालीं निघाली व मुंबईंत १९६३ सालीं आली. तींत पेन्शनरांनाही वर्गणी भरून राहतां येतें. रेल्वेच्या निवृत्त नोकरांना मुंबई सेंट्रलचें जगजीवनराम रुग्णालय व भायखळ्याचें रेल्वे रुग्णालय आहे. माजी सैनिकांची योजना २००३ ची. या मंडळींविषयीं अधिक सांगत नाहीं. त्यांचीं कागदपत्रें बहुधा व्यवस्थित असतात, आणि पेन्शनरांच्या संघटना त्यांना नियम तोंडपाठ करून देतात.

आतां थोडें समुद्रापलीकडे पाहूं. अमेरिकेनें या प्रश्नाची उलटी बाजू आधीं हातीं घेतली. सर्वांना सक्तीचा विमा देण्याचा अध्यक्ष ट्रूमन यांचा १९४५ चा प्रयत्न तेथील डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधापुढें फसला. तेव्हां वीस वर्षांनीं, निदान म्हाताऱ्यांना तरी द्यावा, अशी तडजोड निघाली. ३० जुलै १९६५ रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं मिसुरी संस्थानांतील इंडिपेंडन्स या गांवीं, वृद्ध ट्रूमन यांना शेजारीं बसवून, मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि पहिलें कार्ड त्यांनाच दिलें. पासष्ट वर्षें पुरीं झालेल्या माणसाला पुढल्या वर्षापासून तेथें इस्पितळाचा व डॉक्टरचा खर्च या विम्यांतून मिळूं लागला. पुढें त्यांत फांद्या फुटल्या. १९९७ च्या कायद्यानें खासगी कंपन्यांच्या पर्यायी योजना आल्या, २००६ पासून औषधांचा निराळा भाग आला, आणि आतां दरसाल १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या मुदतींत तेथील आजी-आजोबांना आपली निवड तपासून पाहावी लागते. ती इतकी घोटाळ्याची झाली आहे, कीं गांवोगांवच्या वाचनालयांतून व वृद्धांच्या मंडळांतून कोणत्याही कंपनीशीं संबंध नसलेले स्वयंसेवक या विषयावर व्याख्यानें देतात, आणि ऐकावयास गर्दी होते.

हें परदेशचें पुराण येथें लावण्याचें कारण असें, कीं अंधेरी-मुलुंडच्या किती तरी घरांतील मुलें न्यू जर्सींत वा कॅलिफोर्नियांत आहेत, आणि ग्रीन कार्ड मिळालें म्हणजे मेडिकेअरही मिळालें असा आईवडिलांचा समज असतो. तो खरा नाहीं. ज्यांनीं तेथें नोकरी करून कर भरलेला नाहीं, अशा पासष्टीपुढच्या माणसाला कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाल्यावरही सामान्यतः सलग पांच वर्षें तेथें राहावें लागतें, आणि मग पैसे भरून तो विमा विकत घेतां येतो. शिवाय तो विमा अमेरिकेच्या हद्दींतच चालतो. थंडीपुरतें म्हणून बोरिवलीस आलेल्या वडिलांचा येथील इस्पितळाचा खर्च तो सामान्यतः देत नाहीं. म्हणून परदेशीं मुलांकडे जाणाऱ्यांनीं येथील पॉलिसी बंद करूं नये.

पॉलिसीचा विषय निघालाच आहे, तर तिचा जन्म सांगतों. १ जानेवारी १९७३ पासून देशांतील सर्वसाधारण विम्याचा धंदा सरकारी झाला आणि सर्व कंपन्या चार कंपन्यांत विलीन करण्यांत आल्या. त्यांतील न्यू इंडिया ही सर दोराबजी टाटा यांनीं १९१९ सालीं मुंबईंत काढलेली. या चार कंपन्यांनीं १९८६ सालीं ‘मेडिक्लेम’ नांवाची पॉलिसी बाजारांत आणली. कारकून, शिक्षक, दुकानदार, जे ना कामगार योजनेंत बसत ना सरकारी योजनेंत, त्यांच्यासाठीं हें पहिलें दार उघडलें. पण दाराला उंबरठा होता. आधींपासून असलेल्या रोगाचा खर्च मिळावयाचा नाहीं. चोवीस तास इस्पितळांत राहिल्याखेरीज मिळावयाचा नाहीं. आणि ठराविक वयापुढील माणसाला नव्यानें घ्यावयाचें नाहीं. म्हणजे ज्यांना गरज अधिक, तेच बाहेर.

२००० सालानंतर खासगी कंपन्या आल्या, जाहिराती वाढल्या, पण उंबरठा तसाच राहिला. साठी उलटलेल्यांच्या पॉलिसीचें नूतनीकरण नाकारणें, हप्ता एकदम चढविणें, अशा तक्रारी इतक्या झाल्या, कीं २००७ सालीं विमा नियामक मंडळाला ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यविम्यासाठीं खास समिती नेमावी लागली. त्यानंतरच्या सुधारणा मात्र खऱ्या अर्थानें लोकांच्या उपयोगी पडल्या. २०११ च्या ऑक्टोबरपासून एका कंपनींतून दुसरींत जातांना आधीं काढलेल्या वर्षांचा हिशेब बरोबर नेतां येऊं लागला. २०१३ च्या नियमांनीं निदान पासष्टपर्यंत प्रवेश व पुढें आजन्म नूतनीकरण बंधनकारक केलें. १ एप्रिल २०२४ पासून पासष्टची मर्यादाही गेली. जुन्या रोगासाठीं थांबावयाचा काळ जास्तींत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. आणि पांच वर्षें पॉलिसी अखंड चालली असेल, तर लबाडी सिद्ध झाल्यावांचून कंपनीला जुनीं प्रकरणें उकरून दावा नाकारतां येत नाहीं असें ठरलें. २०२५ च्या जानेवारींत ज्येष्ठांचा हप्ता मंडळाला विचारल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवूं नये असा हुकूम निघाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्यविम्यावरील अठरा टक्के कर माफ झाला. वयाची मर्यादा गेली याचा अर्थ प्रत्येक अर्ज कंपनीनें स्वीकारलाच पाहिजे असा मात्र नव्हे. मधुमेह, हृदयविकार पाहून ती अजूनही नाहीं म्हणूं शकते. ज्यांची पॉलिसी जुनी आहे त्यांच्या हातीं जें आहे तें पुन्हां मिळणें कठीण, असें मी म्हणतों तें यासाठीं.

उपनगरांतील ज्येष्ठ नागरिकांच्या सभांतून या विषयावर बोलण्याचा प्रसंग मला अनेकदां येतो. तेथें एक गोष्ट हटकून दिसते. पुढच्या खुर्च्यांवर पुरुष बसतात, प्रश्न तेच विचारतात, आणि ते बहुधा “कोणती कंपनी चांगली?” एवढाच विचारतात. या प्रश्नाला मी उत्तर देत नाहीं. व्याख्यात्यानें कंपनीचें नांव घेतलें, कीं तें व्याख्यान राहत नाहीं, विक्री होते. स्त्रिया मागें बसतात. सभा उठल्यावर त्यांतील एखादी हळूच जवळ येते. मुलुंडला एक बाई आल्या आणि म्हणाल्या, “आमच्या ह्यांच्या नांवावर पॉलिसी आहे, माझें नांव त्यांत खालीं आहे. ह्यांच्यामागें ती चालेल कां हो? कीं ह्यांच्याबरोबरच संपेल?” सबंध सभेंत विचारला गेलेला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता. उत्तर असें, कीं एकत्र कुटुंबाच्या पॉलिसींतील मुख्य माणूस गेला तरी उरलेल्यांना ती पुढें चालवितां येते, आणि त्यांनीं काढलेलीं वर्षें बुडत नाहींत. मात्र कंपनीस कळवून, नूतनीकरणाची तारीख न चुकवितां हप्ता भरला पाहिजे. तारीख डोक्यांत असते यजमानांच्या, आणि संदेश येतात यजमानांच्याच फोनवर. तेव्हां पॉलिसीचा नंबर, तारीख आणि कंपनीचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरांतील कपाटाच्या आंतल्या बाजूला चिकटवून ठेवा, असें मी त्या दिवसापासून प्रत्येक सभेंत सांगतों. पुष्कळ जण हंसतात. कांहीं जण चिकटवितातही.

दुसरें एक कलम वाचून दाखविल्याशिवाय मी खालीं बसत नाहीं. तें खोलीच्या भाड्याचें. समजा, पॉलिसी पांच लाखांची आहे, आणि खोलीचें भाडें रोज एक टक्का, म्हणजे पांच हजारांपर्यंत, मिळेल असें तींत लिहिलें आहे. मुलगा प्रेमानें म्हणतो, “बाबा, तुम्ही स्वतंत्र खोलींतच राहायचें,” आणि दहा हजारांची खोली घेतो. बिल दोन लाखांचें होतें. घरच्यांना वाटतें, खोलीचा फरक तेवढा आपण भरूं. तसें होत नाहीं. खोली दुपटीची, म्हणून खोलीबरोबर वाढणारे खर्च, डॉक्टरची फी, शस्त्रक्रियेचे आकार, हे सर्व निम्मे कापले जातात. औषधें, शरीरांत बसवावयाचीं साधनें व तपासण्या यांना २०२० च्या नियमानें या कापाकापींतून वगळलें आहे. तीं साठ हजारांचीं धरलीं, तर उरलेल्या एक लाख चाळीस हजारांचे सत्तर हजार मिळतात, आणि सत्तर हजार खिशांतून जातात. ज्येष्ठांच्या पॉलिसींत आणखी एक कलम असूं शकतें; प्रत्येक बिलाचा वीस टक्के भाग विमेदारानें सोसावयाचा. चार लाखांच्या बिलांत हे ऐंशी हजार होतात. ही दोन्ही कलमें बारीक अक्षरांत असतात. नवी पॉलिसी हातीं आल्यावर ती वाचून परत करण्यास आतां तीस दिवसांची मुदत आहे. तेवढ्यांत नातवंडांकडून वाचून घ्यावी.

सरकारनें वृद्धांकडे वृद्ध म्हणून पाहिलें तें अगदीं अलीकडे. महाराष्ट्रांत २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मुंबई उपनगर होतें. २०१७ सालीं तिला महात्मा जोतिबा फुले यांचें नांव मिळालें. आरंभीं ती पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवाल्यांची होती. १ जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या पत्रिकेच्या कुटुंबांनाही खुली करण्यांत आली आणि मर्यादा दीड लाखाची पांच लाख झाली. २९ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्रानें आयुष्मान योजनेचें वय-वंदना कार्ड काढलें. सत्तर वर्षें पुरीं झालेल्या कोणालाही तें मिळतें. उत्पन्न विचारीत नाहींत, जुना रोग विचारीत नाहींत, वय आधार कार्डावरून धरतात. या देशांत, केवळ वय झालें म्हणून कोणासही मिळणारा हा पहिलाच मोठा आरोग्यविमा. अमेरिकेच्या मागून एकोणसाठ वर्षांनीं आला, पण आला.

त्याच्या मर्यादाही ऐका. पांच लाख हे माणशीं नव्हेत. पतिपत्नी दोघेंही सत्तरीपुढचीं असलीं तर दोघांत मिळून वर्षाचे पांच लाख. इस्पितळांत दाखल झाल्यावर लाभ मिळतो. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांत येत नाहींत. योजनेच्या यादींतील इस्पितळांतच तें कार्ड चालतें, आणि आपल्या घराजवळचें नांवाजलेलें इस्पितळ त्या यादींत असेलच असें नाहीं. यादी आजारी पडण्यापूर्वीं पाहावी. खासगी पॉलिसी किंवा कामगार विमा असलेल्यांना तें सोडून न देतां हें कार्ड घेतां येतें. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेंतील व माजी सैनिकांच्या योजनेंतील लोकांना मात्र दोहोंपैकीं एक निवडावें लागतें. आतां सरकारचें कार्ड मिळालें, मग हप्ता कशाला भरा, असें म्हणून वीस वर्षांची पॉलिसी सोडण्याच्या बेतांत असलेले गृहस्थ मला भेटले आहेत. हप्ता झेपत असेल तर ती सोडूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. यादीबाहेरच्या इस्पितळांत जाण्याची वेळ आली, कीं तीच उपयोगी पडते. आणि एकदां सोडल्यावर नव्यानें घेतां आली, तरी जुन्या दुखण्यासाठीं पुन्हां वर्षें मोजावीं लागतात. झेपत नसेल तर विम्याची रक्कम कमी करून घ्यावी.

आणि ज्यांच्याजवळ यांतील एकही कागद नाहीं, त्यांचा विमा म्हणजे म्युनिसिपालिटीचें इस्पितळ. घाटकोपरचें राजावाडी, जुहूचें कूपर, बोरिवलीचें भगवती, मुलुंडचें अगरवाल यांनीं उपनगरांतील म्हाताऱ्या माणसांची जेवढी सेवा केली आहे, तेवढी कोणत्याही कंपनीनें केलेली नाहीं. तेथील रांग लांब असते हें खरें. पण दारांत कोणी वय विचारून परत पाठवीत नाहीं.

दावा नाकारला गेला तर काय, हा प्रश्न प्रत्येक सभेंत शेवटीं येतो. प्रथम कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी व पोंच घ्यावी. महिन्याभरांत उत्तर आलें नाहीं, किंवा आलेलें पटलें नाहीं, तर एक वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जावें. हें पद १९९८ च्या नियमांनीं निर्माण झालें. मुंबईचें कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेस, स्वामी विवेकानंद मार्गावर आहे, म्हणजे अंधेरीहून गाडीनें दुसरें स्टेशन. अर्जास फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि पन्नास लाखांपर्यंतच्या दाव्याचा निकाल तेथें होतो. बरोबर पॉलिसीची प्रत, इस्पितळाचें बिल, डिस्चार्जचा कागद आणि कंपनीचें नकाराचें पत्र न्यावें. पत्र फोनवर आलें असेल तर तें छापून न्यावें.